जुन्या केसरगीचं पाणी

मुरुमहून कर्नाटकाच्या अंगानं निघालं, की डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं नवी केसरगी लागते. भूकंपानंतर वसवलेलं गाव. गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या, घरं एका मापाची, आणि दोन घरांच्या मधे इतकी मोकळी जागा की शेजारणीला हाक मारायची तर रस्त्यावर यावं लागतं. तिथून ओढ्याच्या कडेनं गाडीवाट धरून कोसभर गेलं की जुनी केसरगी. म्हणजे दगडमातीचे ढीग, त्यांच्यावर माजलेली वेडी बाभूळ, आणि ढिगांच्या खालच्या उताराला दहा-बारा घरांची वस्ती.

कागदावर तिथं कुणी राहत नाही. गाव उठलं, नव्या जागी बसलं, जुनं गावठाण मोकळं झालं, असं कागद सांगतो. पण शेतं राहिली जुन्या गावाजवळ आणि विहिरीही तिथंच. नव्या गावात नळाला पाणी आठवड्यानं, तेही आलं तर. म्हणून काही घरं एकेक करून परत फिरली. पडक्या गावात त्यांनी पाय ठेवला नाही. त्याच्या पायथ्याशी पत्रे ठोकले आणि राहिली. मतदान नव्या गावात, रेशन नव्या गावात, मयत मात्र जुन्या रुद्रभूमीत.

महेश्वरी नव्या केसरगीत राहते. चाळिशीची बाई, ब्लाऊज शिवते. नवरा सोलापुरात यंत्रमागावर, सणावाराला येतो. लेक शिवप्रिया मुरुमच्या कॉलेजला एसटीनं जाते-येते. घरात चौथं माणूस म्हणजे महेश्वरीचे वडील, ईरण्णा. सत्तरी कधीच ओलांडलेले, दिवसभर दारातल्या बाजेवर बसलेले, बोलणं मोजकं.

त्र्याण्णवच्या भूकंपात महेश्वरी आठ वर्षांची होती. उडदाची रास खळ्यावर होती म्हणून बाप-लेक राखणीला शेतात झोपले होते. आई आणि धाकटा भाऊ घरी. भुईच्या पोटातून घरघर आली, मग सगळं हललं, आणि ईरण्णा तिला खळ्यावरच सोडून गावाकडं पळाला. गाव राहिलंच नव्हतं. शेजारच्या महांतप्पाच्या घराच्या ढिगातून तान्हं पोर रडत होतं. आवाज येत होता तिथं ईरण्णानं आधी हात घातला. दगड उपसून पोर काढलं, जिवंत निघालं. त्याची आई गेलेली होती. मग तो आपल्या घराकडं वळला, तेव्हा तिथून काहीच आवाज येत नव्हता. महेश्वरीची आई आणि भाऊ जवानांनी नंतर काढले.

हे ईरण्णानं लेकीला कधी सांगितलं नाही. तिला ते गावातल्या बायकांकडून कळलं, मोठी झाल्यावर. त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, की तिकडं जायचं नाही. शेत बटईनं दिलं. तीस वर्षं बाप-लेकींपैकी कुणी ओढ्याच्या त्या वाटेला लागलं नव्हतं.

धाराशिवच्या एका संस्थेनं तालुक्यातल्या पाण्याच्या जागांचा नकाशा करायचं काम काढलं तेव्हा बायकांना शिकवायला प्रेमानंद नावाचा माणूस आला. उमरग्याकडचा, भूगर्भाचं शिकलेला, पस्तिशीचा, आणि फार हळू बोलणारा. विहिरीजवळ उभं राहून मोबाइलवर जागा कशी टिपायची, फितीला वजन बांधून पाणी किती खोल ते कसं बघायचं, बाटलीत पाणी घेऊन मीटर बुडवून क्षार कसे मोजायचे, हे त्यानं दोन-तीन दिवसांत शिकवलं. महेश्वरी गेली होती शेजारणीच्या सोबतीला. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला फितीचं काय अवघड? तिला ते जमलं आणि आवडलंही. मग गावं वाटून घेतली. ज्या त्या बाईनं आपल्या माहेरचं, सासरचं, जवळचं घेतलं. जुनी केसरगी कुणी घेईना. महेश्वरी म्हणाली, मी जाते. का म्हणाली ते तिलाही नीट सांगता येत नाही. वडिलांना तिनं सांगितलं, रानात चालले.

पहिल्या दिवशी ती वस्तीपर्यंत गेली आणि वर ढिगांकडं बघायचं टाळत राहिली. वस्तीतली माणसं तिच्याभोवती जमली, पण बसा म्हणालं नाही कुणी. महांतप्पा पुढं झाला. पासष्टीच्या पुढचा, कपाळावर विभूती, अंगानं वाळका. वस्तीतला शब्द त्याचा. पडक्या गावाच्या पोटात जी जुनी बारव आहे, तीही त्याच्याच जमिनीत.

"नकाशा कशाला?" त्यानं विचारलं. "आमी हितं हाव हे आजपतूर कुणाला ठावं न्हाय म्हणून निवांत हाव. तू ठिपका मारशील, मग सायेब येतील. म्हणतील, तुमाला घरं दिली की तिकडं, हितं का बसलाव? हे कोण निस्तरायचं, पोरी?"

त्यात खोटं काही नव्हतं. महेश्वरी एवढंच म्हणाली, की उन्हाळ्यात टँकर मागायचा झाला तर माणसं आणि विहिरी कागदावर असाव्या लागतात. बाया त्यावर एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण उन्हाळ्यात घागर घेऊन फिरायचं काम त्यांचं होतं. शेवटी सिद्धम्मा नावाच्या म्हातारीनं तिला घरात नेलं, पाणी दिलं, आणि चेहरा निरखून कानडीत तिच्या आईचं नाव घेतलं. सिद्धम्माला आता कुणी उरलं नव्हतं. एक म्हैस आणि दोन शेरडं, एवढाच बारदाना. तिनंच पुढं होऊन विहिरी दाखवायला सुरुवात केली.

दोन आड, चार विहिरी, एक बंद हापसा, आणि सगळ्यांत खाली ओढ्याच्या तोंडाशी महादेवाची विहीर. देवळाचा नुसता चौथरा राहिला होता, पण विहीर कधी आटली नव्हती. वस्तीचं पिण्याचं पाणी तिथलं.

सगळ्यांत वरचा आड पडक्या गावाला लागूनच होता. महेश्वरीनं पोहरा सोडला आणि वर ओढला तर पाणी कोऱ्या चहासारखं. वास सडक्या गुळाचा. सिद्धम्मा म्हणाली, बाभळीचा पाला पडून कुजतंय, गेल्या पावसाळ्यापासनं असंच. महेश्वरीनं मीटर बुडवलं. आकडा तिनं शिकताना पाहिलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा होता. तिला वाटलं मीटर बिघडलं. म्हणून तेच मीटर महादेवाच्या विहिरीत बुडवून पाहिलं. तिथं ठीक दाखवत होतं.

परत निघताना सिद्धम्मानं तिचा हात धरला.

"भुई पुन्हा घुमूलालीय बग," ती म्हणाली. "तवासारकं. मी कुणाला सांगत न्हाय, लोक भेतेत."

त्या भागात भुईतून आवाज येणं नवं नाही. वर्षा-दोन वर्षांनी येतो, माणसं घराबाहेर येतात, भांडी वाजली का विचारतात आणि परत आत जातात. पण ज्यांनी त्र्याण्णव पाहिलंय त्यांना तो आवाज कानांनी ऐकू येत नाही, पोटानं ऐकू येतो. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि लेकीला म्हणाली, आजपासून अंगणात झोपू, आत उकडतंय.

पुढचे काही महिने ती पंधरा-वीस दिवसांनी वस्तीवर जात राहिली. मोबाइलच्या नकाशात चांगल्या पाण्याला निळा ठिपका होता आणि बिघडलेल्याला तांबडा. पहिल्यांदा एकच तांबडा होता. दिवाळीच्या पुढं त्याच्या खालच्या आडाचं पाणी पिवळं पडलं. तिथल्या बायांच्या हातापायांना खाज सुटली. त्यांनी तो आड सोडला. संक्रांतीनंतर तिसऱ्या विहिरीवर सकाळी फेस तरंगायला लागला. सिद्धम्माची म्हैस त्याच विहिरीवर पाणी प्यायची, ती गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. महांतप्पाची स्वतःची विहीर त्या विहिरीच्या खाली होती. तो लोकांना सांगत होता, हे देवाचं आहे, जुन्या गावातल्या मेल्यांना शांती नाही, तिकडं कुणी जाऊ नका. आणि वस्तीतलं कुणी तसंही तिकडं जात नव्हतं.

महेश्वरीला झोप लागेनाशी झाली. ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागायला लागल्या. मोबाइल उघडला की ठिपके दिसायचे. त्यांत एक चाल होती. काहीतरी वरून निघालं होतं आणि एकेक विहीर ओलांडत, घाई न करता, महादेवाच्या विहिरीकडं येत होतं.

प्रेमानंद स्वतः आला तो फेब्रुवारीत. दिवसभर तिच्यासोबत फिरला, बाटल्या भरून घेतल्या. मग चौथऱ्यावर बसून त्यानं तिला समजावलं, की इथं काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या खडकाचा पोकळ थर असतो. वर काही ओतलं की ते खाली जातं आणि मग त्या थरातून आडवं चालायला लागतं, उताराकडं. पाला कुजून असं होत नाही. हे कारखान्याचं पाणी वाटतंय, दारू गाळल्यावर मागं उरतं ते. पण इथून कारखाना लांब आहे, सीमेपलीकडं. ते इथं आलं कसं?

"वर काय आहे?" त्यानं ढिगांकडं बोट करून विचारलं.

"आमचं गाव," महेश्वरी म्हणाली.

तो चढायला उठला. तिचे पाय उठले नाहीत. तो तिच्या तोंडाकडं बघून परत बसला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला माणसं घेऊन येतो.

ती खेप यायच्या आधीच गोष्ट उघडी पडली, आणि ती सिद्धम्माच्या एका वाक्यानं. महेश्वरी तिच्याकडं भाकरी खात होती. तिनं सहज विचारलं, भुई अजून घुमते का. म्हातारी म्हणाली, घुमते की, दर बाजाराला. वस्ती सगळी मुरुमच्या बाजाराला जाते, मी एकटी मागं असते, दुपारी घुमते.

महेश्वरीचा घास हातातच राहिला. भुईला बाजाराचा वार कसा कळतो?

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सकाळीच वस्तीवर आली. जीप भरून माणसं गेली. कोंबड्या, शेरडं आणि सिद्धम्मा मागं राहिली. ऊन चढलं. दुपारी तो आवाज आला. दबका, घोगरा, पायाखालून आल्यासारखा. सिद्धम्मानं डोळे मिटून हात जोडले. महेश्वरी उठून उभी राहिली. तिला पळायचं होतं, मोकळ्या रानात, खळ्याकडं. ती ढिगांकडं चालायला लागली.

बाभळीत शिरताना काटे साडीला ओढत होते. आत गेल्यावर गल्ली ओळखू आली, याचं तिला नवल वाटलं. मारुतीचा पार, त्याच्या पुढं वळण, पिंपळ वाळून उभा. आपलं घर तिनं पाहिलं नाही. मान खाली घालून त्याच्या पुढून गेली. समोरच्या अंगाला बाभूळ तोडून रुंद वाट केली होती. चाकांच्या खोल चाकोऱ्या, ताज्या. वाटेच्या टोकाला बारवेपाशी टँकर उभा. त्याचा पंप चालू होता आणि मनगटाहून जाड नळी बारवेच्या तोंडात सोडलेली होती. आत काळं पाणी पडत होतं आणि बारवेच्या कमानींमधून घुमत होतं. वास एवढा, की डोळ्यांना पाणी आलं.

टँकरच्या सावलीत एक माणूस डबा खात बसला होता. तिला बघून तो दचकला आणि अर्धा उठला. महांतप्पाचा मुलगा, अमरनाथ. महेश्वरी त्याला लग्नकार्यात बघत आली होती. तान्हेपणी ढिगातून काढताना दगड लागून झालेली खूण त्याच्या भुवईवर अजून होती.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं पंप बंद केला. मग म्हणाला, "अक्का, हितं कोण ऱ्हातंय? पडकं गाव. ठेकेदार म्हणला, कुठं तरी रिकामी जागा बघ. अप्पा म्हणले, बारव आपलीच हाय, पडूनच हाय. मला ह्या गाडीवर लावून घेतलं त्येच्याच बदल्यात. नायतर मी पुण्याला चाललो होतो. अप्पाला एकट्याला टाकून."

"खाली तुझा बाप तेच पाणी पितो."

"ते महादेवाचं पितेत."

"तिकडंच निघालंय हे."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला ते खरंच माहीत नव्हतं, असं तिला वाटलं; निदान त्या घटकेपर्यंत. तिनं मोबाइल काढला आणि टँकरचा, नळीचा, बारवेचा फोटो घेतला. त्यानं अडवलं नाही. फक्त म्हणाला, "माझा नका घेऊ."

तिला त्या क्षणी त्याला सांगता आलं असतं, की तुला ढिगातून कुणी काढलं आणि त्याच वेळी शेजारच्या घरात काय झालं. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्यालाही असेलच. तिनं काही सांगितलं नाही. त्याचा फोटोही घेतला नाही.

फोटो तिनं प्रेमानंदला पाठवले. तो म्हणाला, हे वर पाठवताना कुणाचं तरी नाव लागेल. तुमचं लावू का, की संस्थेचं? तिनं एक दिवस मागितला.

तो एक दिवस संपायच्या आत तिच्याकडं गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, पायांत चकचकीत बूट, मोटारसायकल दारात. हातात शर्टाचं कापड. ती म्हणाली, मी फक्त बायकांचं शिवते. तरी तो खुर्चीवर बसला. ईरण्णाला नमस्कार केला, तब्येत विचारली. मग शांतपणे म्हणाला, की इतक्या ठिपक्यांत एखादा ठिपका राहून गेला तर नकाशाला काय होतं? तो उठला, कापड तिथंच मशीनवर ठेवलं आणि जाता जाता म्हणाला, "पोरगी हुशार हाय तुमची. सकाळच्या एसटीला खिडकीत बसती. बरं असतंय, वारं लागतंय."

त्याच दिवशी तिनं शिवप्रियाला सोलापूरला बापाकडं पाठवलं. मग वडिलांच्या बाजेजवळ खाली बसून तिनं सगळं सांगितलं. जुन्या गावात गेल्याचं, बारवेचं, अमरनाथचं. तिला वाटलं, ईरण्णा चिडेल. तिथं का गेलीस म्हणेल.

"त्याला बरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं. "त्या वासात ऱ्हातंय म्हंतीस."

"बरा आहे, अप्पा."

"मग सांग लोकास्नी. त्यालाबी त्येच्यातनं काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती पाण्याला आली, तेव्हा महेश्वरी महादेवाच्या चौथऱ्यावर उभी होती. तिनं फोटो दाखवले. मोबाइल हातोहात फिरला. महांतप्पापर्यंत आला तेव्हा त्यानं तो हातात घेतला नाही. म्हणाला, हे कुठलंबी असंल, आजकाल मोबाइलात काय पण दाखवता येतं. दोघा-तिघांनी मान हलवली. कारण तसं असतं तर सगळ्यांनाच सोपं झालं असतं.

सिद्धम्मा उठून वर गेली आणि जरा वेळानं एक तांब्या भरून घेऊन आली. तो तिनं महांतप्पाच्या पुढ्यात ठेवला. ते त्याच्याच विहिरीचं पाणी होतं, त्या आठवड्यात किंचित पिवळं पडलेलं. वस्तीतली सगळी माणसं तांब्याकडं बघत राहिली. कुणी त्याला प्या म्हणालं नाही. महांतप्पानं तांब्या उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथूनच झटक्यानं खाली घेतला. पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. तो खाली बसला.

"पाणी खाली जातंय हे ठावं होतं," तो म्हणाला. "आडवं चालतंय हे न्हवतं ठावं."

मग तो म्हणाला, "एकच पोरगं वाचलं माझं. त्येला हितं ठिवायचं होतं."

कुणी त्याला शिवी दिली नाही आणि कुणी समजूतही काढली नाही. बायांनी घागरी उचलल्या. महेश्वरीनं तिथूनच प्रेमानंदला फोन लावला आणि सांगितलं, माझं नाव लावा.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं. साहेब आले, पाण्याचे नमुने गेले, बारवेच्या तोंडावर पत्रा आणि काटेरी तार बसली. वाट आडवी चर खणून बंद केली. वरच्या विहिरींच्या कठड्यांवर तांबड्या रंगात लिहिलं गेलं, की पिण्यास अयोग्य. ठेकेदार सापडला असं ऐकलं, मग सुटला असंही ऐकलं. पांढऱ्या शर्टाचा माणूस पुन्हा आला नाही. त्याचं कापड महेश्वरीनं शिवायच्या कापडांपासून वेगळं, उंच फळीवर टाकून ठेवलं. शिवप्रिया दोन महिन्यांनी परत आली. आता ती एसटीत मधल्या बाकावर बसते.

अमरनाथ त्या बाजाराच्या दिवसानंतर घरी आलाच नाही. गाडी मुरुमच्या पलीकडं रस्त्याच्या कडेला बेवारशी सापडली. त्याचा मोबाइल बंद आहे. कुणी म्हणतं तो कर्नाटकात दुसऱ्या नावानं गाडी चालवतो. कुणी दुसरंच म्हणतं, पण महांतप्पाच्या देखत म्हणत नाही. म्हातारा रोज वस्तीपाशी गाडीवाटेच्या तोंडाशी जाऊन बसतो. ईरण्णा एकदा, तीस वर्षांत पहिल्यांदा, ओढ्याच्या वाटेनं तिथवर गेला आणि त्याच्या शेजारी बसला. दोघं काय बोलले कुणाला माहीत नाही. वर गावाकडं मात्र ईरण्णा गेला नाही.

महांतप्पा बोलला होता तेही खरं झालं. नकाशात वस्ती आली तशी एका कार्यालयाचं पत्र आलं, की पाणी धोक्याचं असल्यामुळं आणि कुटुंबांना पूर्वीच घरं दिलेली असल्यामुळं त्यांनी नव्या गावात जावं. तोवर टँकर येईल. टँकर येतो. त्याचा आवाज वाटेवर ऐकू आला की अजून माणसं थबकतात आणि आत काय आहे ते आधी वास घेऊन बघतात. निम्मी घरं नव्या केसरगीत गेली. उरलेली बसून आहेत. त्यातल्या दोघी-तिघी महेश्वरीशी बोलत नाहीत. त्यांच्या लेखी ठिपके तिनं मारले आणि घरं उठली. ती त्यावर वाद घालत नाही.

प्रेमानंदनं तिला स्पष्टच सांगितलं होतं. ओतणं थांबलं म्हणजे चालणं थांबलं असं नाही. जे आत गेलंय ते गेलंय; दर पावसाळ्यात ते थोडं पुढं सरकेल. किती वर्षं, ते त्यालाही सांगता येत नाही. आणि कारखान्याचा टँकर इथं यायचा थांबला, म्हणजे दुसरीकडं कुठं तरी जात असणार. त्यानं तालुक्याच्या नकाशावर अशी उठलेली, रिकामी गावठाणं शोधायला सुरुवात केली आहे. ती बरीच आहेत.

यंदा पाऊस उशिरा का होईना, पुरेसा झाला. ओढा वाहिला, महादेवाची विहीर काठोकाठ आली. पाणी उतरल्यावर महेश्वरी मीटर घेऊन गेली. बाटली सोडली, वर घेतली, उन्हात धरून पाहिली. पाणी स्वच्छ दिसत होतं. आकडा मागच्या खेपेपेक्षा वाढला होता. फार नाही. पिता येईल त्या मर्यादेच्या आतच, पण मागच्या खेपेपेक्षा वाढलेला, आणि त्या खेपेचा त्याच्या मागच्या खेपेपेक्षा.

सिद्धम्मा पायरीवर कळशी घेऊन बसली होती. टँकरचं पाणी तिला चालत नाही; ती म्हणते, त्याला लोखंडाची चव आहे. आकडे तिला कळत नाहीत आणि ती ते विचारतही नाही. ती महेश्वरीच्या तोंडाकडं बघते.

"पिऊ का?" तिनं विचारलं.

महेश्वरीनं मीटर पुसून पिशवीत ठेवलं.

"आज प्या, अव्वा," ती म्हणाली, आणि कळशी भरायला तिनं स्वतःच पोहरा खाली सोडला.